जळक्या तेलाचा वास फक्त सिग्नललाच का येतो?

पावसाळ्यातली गोष्ट. आईला डोळ्यांच्या तपासणीला चेंबूरहून फोर्टला नेत होतो, काचा बंद, एसी चालू, आणि फ्रीवेला लागायच्या आधीच्या सिग्नलला ती म्हणाली, "अरे, तवा गॅसवर विसरल्यासारखा वास येतोय, तुला येत नाही का?" मला खरंच येत नव्हता. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचं नाक तो वास गृहीत धरायला लागतं, मेंदू सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं कमी करतो, त्यामुळे गाडीत क्वचित बसणारा माणूस वास येतोय म्हणाला की त्याचं ऐकायचंच.

मी म्हटलं माहूलच्या रिफायनऱ्या जवळ आहेत, बाहेरचा असेल. पण फ्रीवेवर गाडी पळायला लागली तसा आईच्या म्हणण्याप्रमाणे वास गेला आणि पलीकडे पी डिमेलो रोडच्या गर्दीत अडकलो तसा परत आला, आता तिथे माहूल कुठून येणार. म्हणजे वास आमच्याच बॉनेटखालचा.

थांबल्यावर वास येतो आणि पळताना जातो, यातच अर्धं निदान आहे. वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते ना, ब्लोअर बाहेरची हवा तिथूनच ओढतो. गाडी वेगात असली की समोरची ताजी हवा त्या जाळीत शिरते आणि इंजिनची गरम हवा गाडीखालून मागे निघून जाते. गाडी उभी राहिली की ती गरम हवा वर चढते, बॉनेटच्या मागच्या फटीतून निघते आणि थेट त्या जाळीत जाते. तिथे बॉनेटला लांब रबर बीडिंग असतं, ते अडवायलाच असतं, पण आमचं एका कोपऱ्यात फाटून लोंबत होतं.

याची घरच्या घरी टेस्ट होते. इंजिन गरम झाल्यावर गाडी मोकळ्या हवेत उभी करा आणि गोल बाणाचं बटण दाबा, ज्याने आतलीच हवा आत फिरते. थोड्या वेळात वास कमी झाला तर तो बाहेरून, म्हणजे बहुतेक इंजिनकडून येतोय. कमी होतच नसेल आणि एसीही पूर्वीसारखा गार करत नसेल तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर संशय घ्या, कारण एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं आणि कॉइल लीक झाली की ते तिथे बाहेर येतं. वास तेलकट नसून गोडसर असेल आणि काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तो भाग वेगळा, सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघायला सांगा.

आमच्याकडे जळकंच तेल होतं. मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने तपकिरी ओल आणि तिला चिकटलेली धूळ, आणि बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या, पत्र्यावर काळपट चट्टे. इंजिन ऑइलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला २०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं आणि मॅनिफोल्ड चालत्या गाडीत त्याच्याही पुढे सहज जातो, म्हणून एक एक थेंब पडला तरी लगेच करपतो आणि धूर होतो. थेंब इतके कमी की डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, लेव्हल उतरलेली कळतसुद्धा नाही. पण वास आहे तोवर दुर्लक्ष नको, गळती वाढली तर हाच प्रकार आगीपर्यंत जाऊ शकतो.

त्या कव्हरखालचं जुनं रबरी पॅकिंग मेकॅनिकने माझ्या हातात दिलं. नवं रबर कसं बोटाला गुंडाळता येतं, हे वाकवल्यावर कडक चॉकलेटसारखं तुटलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि तेल खाऊन रबर कडक होतं, मग ते फट भरत नाही. एक गोष्ट इथे आवर्जून करून घ्या, नुसतं पॅकिंग बदलू नका, ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्हसुद्धा तपासायला सांगा. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली निसटतच असतो, तो या वाटेने बाहेर निघतो, ती वाट चोंदली की आत प्रेशर वाढतं आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल ढकललं जातं. आणि गळतंय म्हणून बोल्ट करकचून आवळू देऊ नका, कव्हर वाकतं. गळती कुठून आहे तेच कळत नसेल तर इंजिन धुवून, सुकवून, गार असताना टाल्कम पावडर भुरभुरवा, एक चक्कर मारून या, तेलाची रेघ पावडरवर स्वच्छ दिसते.

परफ्यूमची बाटली लावून वास झाकू नका, हे मी फार कळकळीने सांगतो. एक्झॉस्ट लीक असेल तर जळक्या वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, त्याला स्वतःचा वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो. गाडीत डोकं दुखलं, मळमळलं, तर काचा खाली, गाडी बाजूला, सगळे बाहेर.

पॅकिंग आणि बीडिंग बदलल्यावरही दोन-तीन दिवस वास येत राहिला कारण मॅनिफोल्डवरचं जुनं तेल जळून संपायचं होतं, ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर पण बदलला, त्यात वास मुरून बसलेला. आता रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवतो. काळा तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, नुसतं पाणी असेल तर ते एसीचं. गेल्या आठवड्यात पुन्हा फोर्टला गेलो, त्याच सिग्नलला मी ब्लोअर मुद्दाम फुल केला आणि आईला विचारलं, ती म्हणाली नाही रे, काही नाही.