कोपरा ओलांडण्याचा वाद: वायोमिंगच्या कुंपणांमागचा इतिहास

वायोमिंगमधल्या एल्क माउंटन रँचची (पशुपालनाच्या मोठ्या खासगी जमिनीची) मालक असलेल्या आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीची याचिका ऐकण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२५ रोजी नकार दिला आणि एल्क माउंटनवर शिकारीला गेलेल्या चौघांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. वाद होता एका पावलाचा. सरकारी जमिनीच्या एका चौकोनातून तिरकस पलीकडच्या सरकारी चौकोनात जाताना माणसाचं अंग क्षणभर खासगी जमिनीवरच्या हवेतून जातं. तेवढ्याने अतिक्रमण होतं का?

हे चौकोन रेल्वेमुळे पडले. १८६२ च्या कायद्याने, आणि १८६४ च्या वाढीव तरतुदीने, रुळांच्या दोन्ही बाजूंना २० मैलांच्या पट्ट्यातले विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वे कंपन्यांना मिळाले. सम क्रमांकाचे सरकारकडे राहिले. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीत दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यावर भेटतात, आणि त्या बिंदूला रुंदी नसते.

मोठ्या पशुपालकांनी याचा लगेच फायदा उठवला. फक्त आपल्या सेक्शनच्या कडेने तारा ओढल्या तरी मधली सरकारी कुरणं आपोआप कोंडली जात. म्हणून १८८५ मध्ये सार्वजनिक जमीन बेकायदा कोंडण्याविरुद्ध कायदा आला. कोलोरॅडोतल्या कॅमफिल्ड खटल्यात (१८९७) सुमारे २०,००० एकर सरकारी जमीन अशीच अडवलेली होती, आणि एकही खांब सरकारी जागेत नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ते कुंपण बेकायदा ठरवलं. खांब कुठे रोवले यापेक्षा कुंपणाने काय अडतं हे पाहायचं, हा दंडक तिथे पडला. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

जमीनमालक बोट दाखवत ते १९७९ च्या लिओ शीप खटल्याकडे. सेमिनो जलाशयाकडे जाण्यासाठी सरकारने कोपऱ्यावरून मातीचा रस्ता काढला होता; असा वहिवाटीचा हक्क गृहीत धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण तिथे प्रत्यक्ष खासगी जमिनीवर रस्ता झाला होता. हा फरक कळीचा आहे.

वायोमिंगमधल्याच रेड रिमचा १९८८ चा निकाल तर थेट जनावरांचा. तिथल्या २८ मैलांच्या कुंपणाने प्रॉन्गहॉर्न हरणांची सरकारी जमिनीवरची हिवाळी चराई तोडली होती. हा प्राणी सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटतो. त्यामुळे खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून किमान १६ इंच वर लागते. वरच्या दोन तारांत १० ते १२ इंच अंतर हवं, नाहीतर उडी मारणाऱ्या म्यूल हरणाचे मागचे पाय त्यांत पिळून अडकतात आणि ते तिथेच मरतं. रेड रिमचं कुंपण प्रॉन्गहॉर्नला पार करता येत नव्हतं; न्यायालयाने अडथळा हटवायला लावला.

एल्क माउंटनवर कोपऱ्याशी दोन लोखंडी खांब रोवून त्यांच्यात साखळी आणि कुलूप लावलं होतं. २०२० मध्ये शिकारी खांबांना धरून पलीकडे गेले. २०२१ मध्ये दुहेरी पायांची लोखंडी शिडी घेऊन आले. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना फौजदारी आरोपांतून निर्दोष सोडलं. मालक कंपनीने रँचची किंमत घसरल्याचं सांगून लाखो डॉलर मागितले, पण २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १८ मार्च २०२५ रोजी दहाव्या सर्किटच्या (संघीय न्यायालयांच्या दहाव्या विभागाच्या) अपील न्यायालयाने शिकाऱ्यांचीच बाजू घेतली. राज्याच्या कायद्याने हवेतलं अतिक्रमण होतं, हे अपील न्यायालयाने मान्य केलं; मात्र १८८५ चा कायदा त्याच्या वरचढ ठरवला.

निकालाची व्याप्ती मर्यादित आहे. तो पायी जाणाऱ्यांपुरता आहे, आणि खासगी जमिनीला पाय लागता कामा नये. मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकू शकतो, म्हणून सर्वेक्षणाची पितळी टोपी असलेली हद्दीची खूण शोधूनच ओलांडावं. ती सापडली नाही तर नकाशाच्या ॲपवरच्या रेषेच्या भरवशावर जाऊ नये. वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांत हा निकाल बंधनकारक आहे. माँटाना नवव्या सर्किटमध्ये येतं; तिथे तो बंधनकारक नाही.