क्रो आणि सी-वन: एकाच माडावरचे दोन पाडेली

परवा आचऱ्याला गेलेलो, तर भाची पडवीत वह्या पसरून बसलेली, एमेस्सी मायक्रोची परीक्षा तोंडावर, आणि वैतागून म्हणते, "मामा, ह्ये दोनय सारकेच दिसतत!" हे दोन म्हणजे लॅम्डा व्हायरसची दोन प्रोटीन्स, क्रो आणि सी-वन रिप्रेसर (रिप्रेसर म्हणजे जीन बंद ठेवणारा). सी-पुढे रोमन एक लिहितात म्हणून अर्धी पोरं त्याला सी-आय म्हणतात, पण ते सी-वन आहे, एवढं तरी घोटून घ्या.

तिचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. लॅम्डा ई. कोलाय ह्या जंतूमध्ये शिरतो आणि मग दोनच रस्ते, जंतूच्या डीएनएत गुपचूप पडून राहायचं नाहीतर पिल्लावळ वाढवून जंतू फोडून बाहेर यायचं. हा निर्णय डीएनएवरच्या तीन शेजारशेजारच्या जागांवर होतो, ओ-आर-वन, टू आणि थ्री, प्रत्येकी १७ बेसजोड्यांची, म्हणजे डीएनएच्या १७ अक्षरांची. क्रो आणि सी-वन दोघंही बसतात ह्याच तिन्हींवर. त्यातून दोघांचा डीएनए धरणारा पंजा पण एकाच घडणीचा: दोन छोट्या हेलिक्स (मळसूत्रासारखे पीळ), मध्ये एक वळण, म्हणून नाव हेलिक्स-टर्न-हेलिक्स. त्यातली पुढची हेलिक्स, दोघांतही ती तिसऱ्या नंबरचीच, डीएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये, म्हणजे रुंद खोबणीत शिरून बेस चाचपते, आणि तिच्या सुरुवातीला दोघांतही ग्लुटामीन आणि सेरीन ह्या अमिनो अॅसिडांची जोडगोळीच आहे. दोघंही जोडीने येतात, म्हणजे डायमर करून, त्यामुळे दोन पंजे बरोबर डीएनएच्या एका वळणाच्या म्हणजे साधारण ३४ अँगस्ट्रॉमच्या अंतरावर पडतात. एवढंच बघितलं तर गोंधळ होणारच.

तेवढ्यात समोर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढत होता, म्हटलं हे बघ. माडाला पाय ठेवायला खाचा केलेल्या असतात ना, त्या म्हणजे ह्या तीन जागा. खाचा त्याच, पण चढणारे दोन आणि दोघांचं शरीर वेगळं.

क्रो एकदम छोटा, फक्त ६६ अमिनो अॅसिडं, तीन अल्फा हेलिक्स आणि बीटाच्या तीन पट्ट्या, सगळं एकाच गाठोड्यात. एका क्रोची बीटा पट्टी दुसऱ्याच्या पट्टीला चिकटते आणि जोडी तयार. त्याची रचना १९८१ साली कळली. सी-वन मोठा, २३६ अमिनो अॅसिडं आणि चक्क दोन तुकड्यांचा: पुढचा पाच हेलिक्सचा, तो डीएनए धरतो, मागचा दुसऱ्या सी-वनला धरतो, मध्ये एक लवचिक दुवा. पुढच्या तुकड्याची रचना १९८२ मध्ये आली, आणि १९८८ मध्ये तोच तुकडा डीएनएला धरलेला असताना चांगला स्पष्ट दिसला. त्यात दिसणारी गंमत मला सगळ्यात आवडते: सी-वनच्या टोकाची सुरुवातीची सहाएक अमिनो अॅसिडं डीएनएला वळसा घालून मागच्या बाजूला जातात, पाडेली माडाला मिठी मारतो ना, अगदी तस्सं. क्रोला असे हात नाहीत.

आता चढण्याचा क्रम. सी-वन आधी एक नंबरवर जातो आणि त्याचा मागचा तुकडा शेजारच्या जोडीला ओढून दोन नंबरवर बसवतो, एकमेकांच्या आधाराने. एकच्या बाजूला क्रोचं जीन सुरू होतं, ते बंद पडतं. तीनच्या बाजूला सी-वनचं स्वतःचं जीन सुरू होतं, आणि दोनवर बसलेला सी-वन तिथल्या आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जीन वाचणाऱ्या एन्झाइमला, हात देऊन ते वाढवतो. क्रो मात्र आधी जातो तीनवर आणि सी-वनचं जीनच बंद करतो. क्रो फार साठला तर तो एक-दोनवरही बसतो आणि स्वतःचंच जीन आवरतो. म्हणजे पेपरात "सी-वन रिप्रेसर, क्रो अॅक्टिव्हेटर" लिहिलंत की मार्क गेले, क्रो पण रिप्रेसरच आहे, आणि अॅक्टिव्हेटरचं, म्हणजे जीन वाढवायचं काम उलट सी-वनच करतो, नाव रिप्रेसर असून!

मग भाचीने बरोबर प्रश्न काढला, की सी-वन एवढा घट्ट बसलाय तर उठतो कसा. तर जंतूवर यूव्ही पडलं, डीएनए तुटलं, की जंतूचं रेकए नावाचं प्रोटीन जागं होतं आणि त्याच्या संगतीत सी-वन स्वतःच स्वतःला कापतो, १११ आणि ११२ नंबरच्या अमिनो अॅसिडांच्या मध्ये, म्हणजे नेमका दोन तुकड्यांमधल्या दुव्यात. पंजा राहतो पण जोडीदाराला धरणारा भाग सुटतो, मग एकट्या पंजाची पकड ढिली होते, खाचा मोकळ्या होतात आणि क्रोचं जीन चालू. "आणि क्रोला कोण कापतं?" कोणी नाही गो, त्याच्यात कापायला मधला दुवाच नाही.