कामातील समाधान टिकते ते कशामुळे?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात वेतनवाढीचा करार झाला, की गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाढीचा आकडा छापून येतो. हा आनंद खरा असतो आणि हक्काचाही असतो. मात्र तो किती काळ टिकतो आणि तो ओसरल्यावरही माणसाला आपल्या कामाविषयी बरे वाटत राहावे यासाठी काय लागते, या प्रश्नांचा मानसशास्त्राने अनेक दशके कसून अभ्यास केला आहे. त्यातून हाती आलेली उत्तरे नाशिकसारख्या कारखानदारीच्या शहराला फार उपयोगी पडण्याजोगी आहेत.

मानसशास्त्राचे अभ्यासक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पगार आणि कामातील समाधान यांच्या नात्यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात 92 स्वतंत्र गटांची माहिती होती आणि दोहोंमधील सहसंबंध निघाला सुमारे 0.15. माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातील जेमतेम 2 टक्के फरक पगाराच्या आकड्याने उलगडतो, असा याचा अर्थ होतो. घराचा हप्ता आणि मुलांची फी ज्याला भरायची आहे त्याच्यासाठी पैसा गौण आहे, असा निष्कर्ष यातून मुळीच निघत नाही. पगाराने संसाराची काळजी हलकी होते, पण मशिनपुढचे आठ तास कसे वाटतात हे मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींवर ठरते, एवढेच हे आकडे सांगतात. नोकरी बदलण्याबाबतही असेच आढळते. वेंडी बॉसवेल यांच्या गटाने 2005 मध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या नोकरीत समाधान एकदम वर चढते आणि पुढच्या काळात ते पुन्हा घसरते, असे त्यात दिसून आले.

याचे एक मोठे कारण म्हणजे मनाची जुळवून घेण्याची सवय. वाढलेला पगार काही महिन्यांत ‘नेहमीचा’ पगार होतो, आणि त्यानंतरची तुलना जुन्या पगाराशी होत नाही, ती शेजारच्या कंपनीतील पगाराशी होते. जी गोष्ट एकदा मिळते आणि मग तशीच राहते, तिची दखल मन घेईनासे होते. कामाच्या आशयाचे तसे नसते. ज्या कामात रोज काहीतरी ठरवावे लागते, काही अडते, काही सुटते आणि सुटल्याचे डोळ्यांना दिसते, ते काम मनाला दररोज नवे खाद्य पुरवत राहते.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1976 मध्ये सात संस्थांमधील 62 प्रकारची कामे करणाऱ्या 658 कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. कोणत्याही व्यक्तीच्या स्वभावाकडे बघण्याआधी तिच्या कामाची घडण बघावी, हा त्यांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. कामात किती तऱ्हेची कौशल्ये लागतात, एखादी गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून पुरी होते का, तिचा कुणाला उपयोग होतो, आपल्या निर्णयाला वाव किती आणि काम चांगले झाले की बिघडले हे कामातूनच कळते का, या पाच गोष्टी त्यांनी पाहिल्या.

येवल्यातील पैठणीच्या मागावर बसणाऱ्या विणकराच्या कामाला या कसोट्या लावून पाहाव्यात. पदरावरचा मोर विणताना वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या छोट्या कांड्या उभ्या धाग्यांमधून हाताने फिरवाव्या लागतात, प्रत्येक ओळीत कोणता रंग कुठे थांबवायचा हे ठरवावे लागते, आणि एखादा धागा चुकला तर ती चूक तिथल्या तिथे नजरेत भरते. साडी मागावरून उतरते तेव्हा ती आपण विणलेली असते. आता सातपूरमधील सीएनसी मशिनवरच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रावरच्या ऑपरेटरचा विचार करावा. जॉब म्हणजे घडवायचा सुटा भाग लावायचा, दार बंद करायचे, यंत्राची एक फेरी संपली की जॉब काढायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचा. मशिनची जुळणी म्हणजे सेटिंग सेटर करतो, तपासणी गुणवत्ता विभाग करतो, नाकारलेल्या भागांचा आकडा दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या तोंडून ऐकू येतो, आणि तो भाग कोणत्या गाडीत बसला हे बहुधा कधीच कळत नाही. दोघांचेही कौशल्य खरे आहे, पण ऑपरेटरच्या कामातून विचार करण्याचा भागच काढून घेतलेला आहे.

अर्थात, पैठणीच्या विणकरावर केवळ गौरवाची फुले उधळणे अन्यायाचे ठरेल. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन यांनी 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आपले काम हे जीवितकार्य वाटत होते, त्यांना कामात खोल अर्थ सापडत होता. पण तेच लोक कामासाठी पैसा आणि स्वतःचा वेळ सोडायला तयार असत आणि त्यामुळे त्यांची पिळवणूक होण्याचा धोकाही अधिक होता. ‘समाधान आहे ना, मग मजुरी कशाला वाढवायची’ हा युक्तिवाद म्हणूनच धोक्याचा आहे आणि तो कुणी करू लागला तर ठामपणे नाकारायला हवा.

मग यंत्रावरचे काम बदलता येते का? याचे उत्तर आपल्या शेजारच्या राज्यातच मिळाले आहे. माणसे आणि कामाची रचना यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये अहमदाबादच्या कॅलिको या कापडगिरणीत आले, तेव्हा स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके होत नव्हते. एका खात्यातील 224 मागांवरचे काम 12 वेगवेगळ्या भूमिकांत वाटलेले होते. विणणारा, बॉबिन भरणारा, तुटलेले धागे सांधणारा, अशा प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी असल्याने कोणत्याही ठरावीक मागांची जबाबदारी कोणत्याही एका चमूवर नव्हती. ठरावीक माग एका छोट्या गटाकडे सोपवावेत, ही कल्पना पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच बांधले. सुरुवातीचे चढउतार सरल्यावर उत्पादन वाढले आणि कापडाचे नुकसान घटले.

पुढे 1970 मध्ये एरिक मिलर यांनी तिथे पुन्हा पाहणी केली. एका खात्यात ही पद्धत इतक्या वर्षांनंतरही जवळजवळ तशीच चालू होती, तर इतर ठिकाणी बाजाराचा आणि उत्पादनाचा ताण वाढल्यावर काम पुन्हा तुकड्यांत विभागले गेले होते. गटाला स्वतःचे काम स्वतः सावरण्याइतकी मोकळीक आणि साधने जिथे मिळत राहिली, तिथे समाधानाला आधार उरला.

अंबडमधील एखाद्या मध्यम कारखान्याला अशी मोकळीक देण्यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. ऑपरेटरला सेटिंग शिकवावे, माप तपासण्याचे गेज त्याच्या हाती द्यावे, आपल्या जॉबचे माप त्यानेच तासातासाला नोंदवावे आणि माप सरकू लागले तर मशिन थांबवण्याचा अधिकार त्याला सुपरवायझरची वाट न पाहता वापरता यावा. वाढीव कौशल्याची नोंद मात्र पुढच्या वेतनकरारात झालीच पाहिजे.