पार्श्वभूमी : बंच वेळेवर आला, पण कुणाच्या घड्याळाने?

मुंबईच्या पेलेट्रॉन या आयन-त्वरकाला जोडलेल्या लिनॅकमध्ये (सरळ रेषेतल्या त्वरकात) शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या 28 सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) कॅव्हिटी, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या पोकळ्या, 150 मेगाहर्ट्झवर चालतात. एक आवर्तन 6.7 नॅनोसेकंदांचे, त्यामुळे आयनांचा बंच, म्हणजे एकत्र धावणारा पुंजका, शे-दोनशे पिकोसेकंदांत बसला की भागते. अशा यंत्रांत वेळ म्हणजे फेज (आवर्तनातला टप्पा), आणि फेज मोजायची अंशांत, एका आवर्तनाचे 360.

हॅम्बुर्गच्या फ्लॅश या, इलेक्ट्रॉनांच्या बंचांपासून लेझर-प्रकाश काढणाऱ्या यंत्राने ही सवय मोडली. 2005पासून प्रयोगांसाठी खुल्या झालेल्या या यंत्रात कॅव्हिटी नायोबियमच्या, 1.3 गिगाहर्ट्झच्या. त्यातला एक अंश म्हणजे 2.1 पिकोसेकंद, प्रयोगाला हवे फेम्टोसेकंद, म्हणजे पिकोसेकंदाचे हजारावे भाग. शिवाय बंचला दाबून आखूड करणाऱ्या कंप्रेसरच्या वळणावर बंचची ऊर्जा 0.01 टक्क्याने जरी ढळली, तरी तो सुमारे 60 फेम्टोसेकंद मागेपुढे होतो.

खरा घोळ ‘अरायव्हल टाइम’ (बंच पोहोचण्याची वेळ) या शब्दात आहे. हा आकडा कधीच एकट्याचा नसतो. तोच बंच आरएफच्या, म्हणजे कॅव्हिटी चालवणाऱ्या रेडिओ-लहरींच्या, संदर्भाने उशिरा आणि प्रयोगाच्या लेझरच्या संदर्भाने अगदी वेळेवर असू शकतो. दोन्ही मोजमापे बरोबर, तरी कंट्रोल रूममध्ये वाद. म्हणून संदर्भाचे ठोके यंत्रभर न्यायचे कसे, तांब्याच्या केबलने म्हणजे कोअ‍ॅक्सने की फायबरमधून धाडलेल्या लेझरच्या पल्सांनी, हा प्रश्न पेटला. कोअ‍ॅक्सवाल्यांचे म्हणणे होते, चालते आहे ते कशाला बदलायचे? फायबरही धुतल्या तांदळासारखे नव्हतेच: तापमान एका अंशाने वाढले की मीटरमागे वेळ तीस-चाळीस फेम्टोसेकंद सरकते, तीन किलोमीटरला शंभर पिकोसेकंदांच्या घरात. पण फायबरच्या टोकाकडून थोडा प्रकाश परत आणून लांबी सतत दुरुस्त करता येते. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता.

त्याच लेझरने मोजमापही सोपे केले. बंच पिकअप या संवेदकाजवळून जाताना त्यातले व्होल्टेज झपाट्याने शून्य ओलांडते. नेमक्या त्या क्षणी लेझरचा पल्स, त्या व्होल्टेजनुसार प्रकाशाचे तेज बदलणाऱ्या मॉड्युलेटरमधून जातो. बंच लवकर किंवा उशिरा आला की पल्स उजळतो किंवा मंदावतो. म्हणजे वेळ वाचायची ती पल्सच्या तेजावरून, आणि तीही दहा फेम्टोसेकंदांच्या आत.

हॅम्बुर्गलाच 2017मध्ये सुरू झालेल्या 3.4 किलोमीटरच्या युरोपियन एक्सफेल या एक्स-रे लेझरमध्ये सेकंदाला 27,000पर्यंत बंच, दहा मालिकांत येतात. पुढच्यांची चूक मागच्यांसाठी त्याच मालिकेत सुधारता येते. सुपरकंडक्टिंग नसलेल्या साध्या तांब्याच्या कॅव्हिटीत आरएफचा पल्सच काही मायक्रोसेकंदांचा, तिथे एवढी उसंत नाही. एक्सफेलमध्ये मालिकेच्या सुरुवातीचे काही बंच मात्र दुरुस्तीविनाच निघून जातात. कॅलिफोर्नियातल्या, 2023मध्ये प्रकाश दिसलेल्या एलसीएलएस-2 या यंत्रात बीम अखंड, सेकंदाला दहा लाख बंचांपर्यंत. तिथे मालिकेला सुरुवातच नाही, म्हणून तो तोटाही नाही.