बाणावरचा आकडा आणि बाणाचा खरा ताठपणा

पहिल्या कंपाऊंड धनुष्यासाठी (टोकांना चाकं असलेलं ते) मी 600 स्पाइनचे बाण घेतले. स्पाइन म्हणजे बाणाच्या ताठपणाचा आकडा. 400 पेक्षा 600 मोठा, म्हणजे बाण जास्त कडक, असा माझा हिशेब. ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, 50 पौंड. फोंड्याच्या मैदानावर एका जाणत्या काकांनी शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, दोन्ही हातांत धरून किंचित वाकवला आणि म्हणाले, "बाबा, आकडा वाढला की बाण मऊ. उलटं आहे ते."

हा उलटा हिशेब मोजण्याच्या पद्धतीतून येतो. शाफ्टला 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू द्यायचे, मधोमध 1.94 पौंडांचं, म्हणजे साधारण 880 ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो किती इंच वाकला ते पाहायचं. अर्धा इंच वाकला तर 500 स्पाइन, 0.4 इंच वाकला तर 400. (लाकडी बाणांचा स्पाइन मात्र पौंडांत सांगतात, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे कडकच. गोंधळ होणार नाही तर काय!)

हा झाला स्टॅटिक स्पाइन. बाण आडवा पडलेला, कुणी सोडलेला नाही. पण आपल्याला काम पडतं ते डायनॅमिक स्पाइनशी: दोरीने मागून ढकलल्यावर तोच बाण किती वाकतो, याच्याशी. तो शाफ्टवर छापलेला नसतो, कारण तो निम्मा तुमच्या धनुष्यात असतो.

आंबे काढायची काठी आठवा. तीच काठी टोकाशी धरली तर लवलवते, मधे धरली तर ताठ राहते. वर पिशवीत दोन आंबे जास्त पडले की पुन्हा वाकते. बाणाचंही तसंच. लांब ठेवला तर मऊ वागतो, कापला तर कडक. 100 ऐवजी 125 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) पॉइंट, म्हणजे पुढचं टोक, लावला तर मऊ. ड्रॉ वेट वाढवलं तर मऊ, आणि कॅम, म्हणजे धनुष्याच्या टोकाचं चाक, जितका झटक्याने ताकद देतो तितका आणखी मऊ. लांबीचा परिणाम सगळ्यात फसवा. टेकूंवर ठेवलेल्या शाफ्टचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून दोन इंचांचा फरक वाटतो तेवढा किरकोळ नसतो.

बोटांनी दोरी सोडणाऱ्याचा बाण बाजूला वाकतो. कंपाऊंडला रिलीज, म्हणजे दोरी सोडायचं छोटं यंत्र, असतो, त्यामुळे वाकणं मुख्यतः वरखाली होतं आणि थोडी चूक खपते. थोडीच. फार मऊ बाण नुसता भरकटत नाही, 60 पौंडांच्या धक्क्याने फुटूही शकतो, आणि कार्बनची चिरफळी धनुष्य धरलेल्या हातात घुसते. म्हणून बाण निवडायच्या तक्त्यात दोन रकान्यांच्या सीमेवर असाल तर कंपाऊंडसाठी मी कडक बाजू धरतो. तक्ता पाहताना लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) छापलेलं कमाल वजन नको. तराजूवर मोजलेलं ड्रॉ वेट, कापल्यानंतरची शाफ्टची लांबी आणि पॉइंटचं वजन घ्या. आणि कापण्याची घाई नको. कापलेला इंच परत जोडता येत नाही.

पावसाळ्याचं भय मात्र कार्बनला नाही. बांबूचा किंवा लाकडाचा बाण आमच्या जून-जुलैच्या दमट हवेत ओल धरतो, कार्बन धरत नाही. रोज सोडण्याआधी शाफ्ट हलकेच वाकवून कानाशी धरावा. कुरकुरला तर तो गेला.

माझे ते 600 चे बाण कापूनही 50 पौंडांना पुरले नसते. ते आता भाचीकडे आहेत. तिचं ड्रॉ वेट 35 पौंड. आकडा तोच, शाफ्ट तेच, आणि तिच्याकडून ते सरळ जातात.