अँटनी फ्लू यांचे ईश्वरविषयक मतांतर

ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू (१९२३–२०१०) यांनी पन्नासहून अधिक वर्षे निरीश्वरवादाची बाजू लढवली. २००४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, विश्वामागे बुद्धिमान आदिकारण असले पाहिजे, असे मत त्यांनी मांडले. त्यांचे वडील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. पण जगातले दुःख आणि दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वर यांचा मेळ बसेना, म्हणून फ्लू यांनी पंधराव्या वर्षीच श्रद्धा सोडली होती.

त्यांची मूळ भूमिका १९५० मध्ये ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबात वाचलेल्या निबंधात दिसते. तत्त्वज्ञ जॉन विज्डम यांची एक दृष्टान्तकथा त्यांनी तिथे नव्याने सांगितली. जंगलातल्या मोकळ्या जागेत फुले आणि तण दोन्ही वाढलेले दिसतात. दोन वाटसरूंपैकी एक म्हणतो, इथे माळी येत असणार; दुसऱ्याला ते पटत नाही. दोघे पहारा देतात. माळी दिसत नाही. काटेरी तारेचे कुंपण घालून त्यात वीज सोडतात, कुत्री फिरवतात. तार हलत नाही, किंकाळी ऐकू येत नाही, कुत्री भुंकत नाहीत. तरी पहिला म्हणतो, माळी अदृश्य आहे, त्याला स्पर्श होत नाही, वासही येत नाही. मग असा माळी आणि मुळीच नसलेला माळी यांत फरक काय उरला? विधान कशाने खोटे ठरेल हेच सांगता येत नसेल, तर ते काहीच सांगत नाही, असा फ्लू यांचा मुद्दा होता.

पुढे त्यांनी ‘निरीश्वरवादाचे गृहीतक’ मांडले. न्यायालयात आरोपी निर्दोष धरला जातो, तशी चर्चा निरीश्वरवादापासून सुरू करावी. पुराव्याचा भार ईश्वर मानणाऱ्यावर. हे गृहीतक पुराव्यानिशी बाजूला सारता येते, आणि उतारवयातला त्यांचा बदल समजायला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डीएनएची गुंतागुंत आणि पहिल्या सजीवाची उत्पत्ती यांचे नैसर्गिक स्पष्टीकरण त्यांना अपुरे वाटले.

मात्र त्यांनी स्वीकारलेला देव अॅरिस्टॉटलच्या आदिकारणासारखा होता. तो माणसाच्या आयुष्यात ढवळाढवळ करत नाही आणि कुणाला साक्षात्कार देत नाही. मरणोत्तर जीवन त्यांनी मानले नाही. त्यामुळे ‘फ्लू ख्रिस्ती झाले’ हे विधान सरळ चूक आहे.

कच्चा दुवा विज्ञानाचा होता. जीवोत्पत्तीविषयी त्यांनी जेराल्ड श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञाच्या मांडणीवर भिस्त ठेवली आणि त्या क्षेत्रातले ताजे संशोधन पाहिले नाही. नंतर तशी कबुलीही दिली. दुसरा वाद या मतांतरावरच्या २००७ मधल्या ‘देअर इज अ गॉड’ या पुस्तकाचा. रॉय अब्राहम वर्गीस हे सहलेखक. प्रत्यक्ष लेखन प्रामुख्याने वर्गीस यांनी केले आणि फ्लू यांची स्मरणशक्ती ढासळली आहे, असे पत्रकार मार्क ऑपनहायमर यांनी त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये दाखवून दिले. पुस्तकातली मते आपलीच आहेत, असे फ्लू यांनी प्रकाशकामार्फत कळवले. म्हणून मतांतराचा अभ्यास करताना २००४–०५ मधल्या मुलाखती आणि पत्रे आधी वाचावीत, पुस्तक नंतर. त्यातले येशूच्या पुनरुत्थानावरचे परिशिष्ट अनेकजण फ्लू यांच्या नावावर खपवतात. तो युक्तिवाद बिशप एन. टी. राइट यांचा आहे.