बाळंतपणानंतरचं कंबरेचं दुखणं: सांधा सैल झालाय की सांध्यात इन्फेक्शन?

आपल्या सोलापुरात बाळंतीण कण्हायला लागली की घरातली एखादी काकू म्हणणारच, "हाडं सैल झालीत गं, शेक दे, बसंल जागेवर." आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काकूंचं बरोबरच असतं. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे आणि वजनामुळे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे ढिले पडतात, समोरचा एक आणि मागे कंबरेखाली खळ्या पडतात तिथले दोन, मग कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. पण गप पडून राहिलं की बरं वाटतं आणि आठवड्यागणिक दुखणं उतरत जातं. फिजिओ, बेल्ट, थोडा आराम, बास.

दुसरा प्रकार क्वचितच होतो, पण सुरुवातीला अगदी तसाच वाटतो. मागच्या सांध्यात, बहुतेकदा एकाच बाजूच्या, रक्तातून बॅक्टेरिया जाऊन बसतात, जास्त करून स्टॅफिलोकोकस ऑरियस. याला सेप्टिक सॅक्रोइलायटिस म्हणतात. यात दुखणं दिवसेंदिवस वाढतं, पडून राहिलं तरी ठणकतं, त्या पायावर भार टाकवत नाही, कधी कळ ढुंगणातून मांडीत उतरते आणि सगळे सायटिका समजून बसतात.

ताप येतो, पण कळायला तर पाहिजे! टाक्यांसाठी पॅरासिटामॉल चालू असते त्यात ताप दबतो, वर बाजेखाली शेगडी, बाहेर मे महिन्याचं ऊन, अंग गरम लागलं तरी कुणाला काही वाटत नाही. म्हणून हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघा, तेही गोळी घ्यायच्या आधी. आणि ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाहीच असंही नसतं हं.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निवांत होऊ नका, पहिले दोनेक आठवडे त्यात काही दिसत नाही. रक्तात सीआरपी, ईएसआर (अंगात सूज किंवा इन्फेक्शन आहे का ते दाखवणाऱ्या तपासण्या) वाढलेलं असतं (बाळंतपणानंतर ते तसंही थोडं वाढतं, म्हणून नुसत्या त्यावर ठरत नाही), खरं चित्र एमआरआयमध्ये दिसतं. त्याला रेडिएशन नसतं, बाळाला पाजणं बंद करावं लागत नाही. जंतू कुठला ते कळायला ब्लड कल्चर अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं बरं, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या आणून देऊ नका. उपचार काही आठवड्यांचे असतात, आधी सलाईनमधून, मग गोळ्या. घरी जनावरं असतील, कच्चं दूध पिण्यात असेल किंवा घरात कुणाला टीबी झालेला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण ब्रुसेला आणि टीबीचे जंतूही याच सांध्यात बसतात आणि त्यांची औषधं वेगळी असतात.